डॉक्टर कुणाचा, रुग्णाचा की पलटणीचा? (रिव्हर्स आणि ससून)

मृण्मयी_के
परवा पॅट बार्करच्या कादंबरीवरचा १९९७ सालचा 'रीजनरेशन' सिनेमा पाहिला. पहिल्या महायुद्धातला एक मानसोपचारतज्ज्ञ आणि त्याच्याकडे पाठवलेले अधिकारी, एवढंच कथानक. तोफा कमी, एका खोलीत समोरासमोर बसलेली दोन माणसं जास्त. सिनेमा आवडला, पण त्यातल्या डॉक्टरवरचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी खरी हकिगत थोडक्यात. सीगफ्रीड ससून हा इंग्लिश कवी आणि लष्करी अधिकारी. शौर्यासाठी मिलिटरी क्रॉस मिळालेला. १९१७ च्या उन्हाळ्यात त्याने जाहीर निवेदन काढलं: हे युद्ध आता स्वसंरक्षणाचं राहिलेलं नाही, ज्यांना ते थांबवता येईल तेच ते लांबवताहेत, मी यापुढे लढणार नाही. ३० जुलैला ते ब्रिटिश पार्लमेंटमध्ये वाचलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी 'टाइम्स'मध्ये छापून आलं. कोर्ट मार्शल व्हायचं, पण रॉबर्ट ग्रेव्ह्ज या मित्राने खटपट करून त्याला मेडिकल बोर्डापुढे उभं केलं. बोर्डाने 'शेल शॉक' (लढाईच्या धक्क्याने मन कोसळणं) ठरवून एडिंबरोच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात धाडलं. तिथे कॅप्टन डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स. वय ५३, विद्वान, शांत, रुग्णांना जीव लावणारा.

हा शांत माणूस चार महिने त्याच्याशी बोलतो आणि नोव्हेंबरात ससून पुन्हा आघाडीवर जायला तयार होतो!

आजारी नसलेल्या माणसाला आजारी ठरवायचं, मग त्याचा विरोध हेच लक्षण मानून ते मायेने घालवायचं, याला मी उपचार म्हणायला तयार नाही. दरडावणाऱ्या डॉक्टरला निदान उलट बोलता येतं. मायेने बोलणाऱ्याला नाही म्हणणं फार अवघड. तुम्हाला काय वाटतं?

भटका_जोशी
वाचनखूण साठवली. वीकांताला बघतो, मग बोलतो.

डॉ_सुमेध
मृण्मयीताई, मी स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहे, आणि तुमच्या निकालाशी मी सहमत नाही.

त्या काळी अशा रुग्णाला सर्रास मिळणारा सल्ला असा: ते सगळं विसर, त्यावर बोलू नकोस, मन रमव. घरचेही तेच सांगत, डॉक्टरही तेच. दिवसभर दाबून ठेवलेलं रात्री झोपेत उसळायचं. रिव्हर्सने याच्या उलट सांगितलं. ४ डिसेंबर १९१७ ला रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे त्याने निबंध वाचला, तो पुढच्या फेब्रुवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आजही तो विद्यार्थ्यांना वाचायला द्यावा असा आहे.

त्यातला एक रुग्ण. मित्राला शोधायला गेलेला अधिकारी, आणि मित्राचं शरीर तुकड्यातुकड्यांत सापडलेलं. रोज रात्री तो मित्र स्वप्नात यायचा, कधी छिन्नविच्छिन्न, कधी महारोग झाल्यासारखा. रिव्हर्सने त्याला 'विसर' म्हटलं नाही. शरीराची ती अवस्था पाहता मित्र क्षणात गेला असणार, तळमळत पडला नसणार, हे त्याच्या लक्षात आणून दिलं. पुढे एका रात्री स्वप्न बदललं. तो मित्राजवळ गुडघे टेकून बसला होता आणि घरच्यांना पाठवायला त्याचा पट्टा सोडवत होता. जाग आली तेव्हा भीती नव्हती, डोळ्यांत पाणी होतं. वस्तू काढून घेण्याचं ते काम त्याने प्रत्यक्षातही केलं होतं. भीतीखाली ती आठवण गाडली गेली होती.

त्याच निबंधात हरल्याची नोंदही आहे. स्फोटाने उडून एक अधिकारी तोंडावर पडला तो कित्येक दिवसांच्या प्रेताच्या फुटलेल्या पोटावर. त्या आठवणीत धरून ठेवावं असं रिव्हर्सला काहीच सापडलं नाही, आणि त्याने ते तसंच लिहिलं. त्या माणसाला सैन्य सोडून खेड्यातल्या शांततेत जाऊ दिलं. म्हणजे प्रत्येकाला ठोकून-ठाकून परत खंदकात धाडायचं, असा हा डॉक्टर नव्हता.

मृण्मयी_के
डॉक्टर, सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. पट्ट्याचं वाचून गलबलून आलं. पण ही दोन्ही माणसं खरंच आजारी होती. ससूनचं काय? त्याला झोप येत नव्हती म्हणून नव्हे, त्याने निवेदन काढलं म्हणून तो तिथे होता. माझा प्रश्न तिथेच आहे.

टवाळ_पेठकर
ससूनला थेट आमच्या ससूनमध्ये पाठवला असता तर केस पेपर काढेपर्यंतच युद्ध संपलं असतं.

लालमहाल
पेठकर, तुम्ही गमतीत म्हणालात पण नातं खरं आहे! डेव्हिड ससून हा बगदादहून मुंबईत आलेला ज्यू व्यापारी. पुण्याचं ससून रुग्णालय त्याच्या देणगीतून उभं राहिलं, काळा घोड्याचं वाचनालय त्याच्याच नावाचं. मुंबईतला ससून डॉक त्याच्या मुलाने, अल्बर्टने, १८७५ साली बांधला. कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, हेही डेव्हिडचंच. १८६४ मध्ये तो पुण्यातच वारला आणि त्याची कबर त्याच आवारात आहे.

आपला कवी या डेव्हिडचा पणतू. आजोबा ससून डेव्हिड ससून, वडील आल्फ्रेड. आल्फ्रेडने ज्यू नसलेल्या मुलीशी लग्न केलं आणि घराण्याने त्याला तोडलं. त्यामुळे सीगफ्रीड इंग्लंडच्या खेड्यात ख्रिस्ती म्हणून, घोडे आणि क्रिकेट यांत वाढला. आईला वाग्नरचं संगीत आवडायचं, तिथून हे जर्मन नाव आलं. जर्मनांशी लढणाऱ्या इंग्लिश अधिकाऱ्याचं नाव सीगफ्रीड आणि आडनाव पुण्याच्या दवाखान्याचं!

विंचुर्णीकर
लालमहाल, सुंदर माहिती. रोज ससूनच्या फाटकावरून जाणं-येणं आहे, हे डोक्यातही आलं नव्हतं. त्याने आपलं शौर्यपदक नदीत भिरकावून दिलं होतं ना?

प्रथमेश_ग्लासगो
पदक नाही, पदकाची फीत. लिव्हरपूलजवळ मर्सी नदीच्या मुखाशी. पदक घरातच राहिलं आणि २००७ मध्ये माळ्यावर सापडलं.

मी इथे जवळच राहतो म्हणून थोडं सांगतो. क्रेगलॉकहार्ट ही मुळात जलोपचारासाठी बांधलेली व्हिक्टोरियन वास्तू. १९१६ मध्ये लष्कराने ती फक्त अधिकाऱ्यांसाठी घेतली. आज तिथे एडिंबरो नेपियर विद्यापीठाचा परिसर आहे आणि युद्धकवींचा छोटा संग्रह ठेवलाय. रुग्णांनी काढलेल्या 'हायड्रा' नियतकालिकाचे अंक पाहताना फार विचित्र वाटतं. गोल्फचे निकाल, नाटकाची जाहिरात, कुणाच्या तरी कविता. तेच लोक रात्री किंचाळत उठायचे. दिवसा हसतंखेळतं घर, रात्री वेगळंच, असं ससूनने पुढे लिहून ठेवलंय.

घाटवाट
थोडं अवांतर, पण रिव्हर्स कळायला उपयोगी. हा माणूस डॉक्टर म्हणून प्रसिद्ध होण्याआधी मानववंशशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेला होता. १८९८ च्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत होता, १९०१-०२ मध्ये आपल्या निलगिरीत तोडा लोकांमध्ये राहिला आणि १९०६ साली त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. मी कोइमतूरला नोकरीला असताना उटीला गेलो की तोडांच्या पाड्यांवर जायचो, तेव्हा तो ग्रंथ मिळवून वाचला. पानंच्या पानं वंशावळी. तुझी आई कोण, तिचा भाऊ कोण, त्याची म्हैस कुठल्या गोठ्यातली. एकेका माणसापुढे बसून विचारत राहायचं आणि तो सांगेल ते लिहून घ्यायचं, ही त्याची पद्धत. पंधरा वर्षांनी क्रेगलॉकहार्टमध्ये तो हेच करत होता असं मला वाटतं.

स्वतः तोतरा होता. वडील वाचादोषावर उपचार करणारे, आणि मुलगा जन्मभर अडखळत बोलला. सिनेमाच्या नावामागचा (रीजनरेशन म्हणजे पुन्हा वाढणं) प्रयोगही त्याचाच. १९०३ मध्ये हेन्री हेड या सहकाऱ्याच्या हाताची एक संवेदनेची नस मुद्दाम कापून पुन्हा जोडली आणि संवेदना कशी परत येते ते दोघांनी चार वर्षं तपासलं.

टवाळ_पेठकर
स्वतःची नस कापू देणारा मित्र मिळायला भाग्य लागतं. हे हेडसाहेब कुठल्या पेठेतले?

सुषमा_वि
सगळे रिव्हर्सचं कौतुक करताहेत, पण मुळात ही ऐश अधिकाऱ्यांची होती हे कुणी म्हणेल का? साध्या शिपायाला काय मिळालं ते सिनेमातच आहे. लंडनच्या क्वीन स्क्वेअरच्या रुग्णालयात डॉ. लुईस यीलँड. वाचा गेलेल्या शिपायाला खुर्चीत बांधायचं, दार लावायचं, घशाला विजेचे झटके द्यायचे आणि बोलल्याशिवाय बाहेर सोडणार नाही असं सांगायचं. हे कुणा शत्रूने केलेलं वर्णन नाही, यीलँडने १९१८ साली स्वतःच्या पुस्तकात अभिमानाने मांडलंय. रिव्हर्स ते बघायला जातो, हा भाग तेवढा कादंबरीकर्तीने रचलेला. सिनेमातला रुग्ण बिली प्रायर, तोही काल्पनिक आहे.

आणि ज्यांना डॉक्टरही मिळाला नाही ते? पळून जाणं, भेकडपणा अशा आरोपांखाली पहाटे गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ मध्ये माफी दिली. त्यातले किती मनाने कोसळलेले होते हे आता कोण सांगणार? ससूनच्या मागे मित्र होते, पैसा होता, पार्लमेंटचा सभासद होता.

विंचुर्णीकर
सुषमाताई, १०० टक्के सहमत. आणि त्याही खालची पायरी म्हणजे आपली माणसं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूटच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, त्यानंतर वाळवंटातून कैद्यांची पायपीट. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीची माणसं. जी परत आली ती थेट शेतावर गेली. आमच्याकडे अशा म्हाताऱ्यांबद्दल 'लढाईवरून आल्यापासून जरा तिरसट झालाय' एवढंच म्हणायचे. हातपाय गेलेल्यांसाठी १९१७ मध्ये क्वीन मेरीज संस्था निघाली, आज ती खडकीत आहे. मन गेलेल्यांसाठी गावाकडे देवऋषी होता.

आनंदी_सातारा
मी इथे फक्त वाचत असते, कधी लिहीत नाही. विंचुर्णीकरांच्या 'तिरसट' शब्दावर थांबले, म्हणून लिहिते.

आमचे आबा शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. १९८७ ला गेले. त्या कामगिरीत आपले सुमारे १,२०० जवान गेले, हे मला मोठी झाल्यावर कळलं. घरात कधी विषय नाही. आबा परत आले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. घरात नारळ फोडायचा नाही, आवाज नको. दिवाळीत आबा रानात जाऊन बसायचे. जेवताना पाठ भिंतीला पाहिजे. वाटेत पडलेली पिशवी, डबा, काही दिसलं की आम्हा पोरांना दंडाला धरून मागे ओढायचे, इतकं की वळ उठायचे. मी त्यांना घाबरायचे. आई म्हणायची, फौजी माणूस आहे, शिस्त आहे. शिस्त म्हणून आम्ही वीस-पंचवीस वर्षं काढली.

एकदा भावाने जबरदस्तीने तालुक्याच्या एका डॉक्टरकडे नेलं. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि देवाचं करा, जुनं काढू नका, म्हणाले. डॉ. सुमेध, तुम्ही लिहिलंत ना, सर्रास मिळणारा सल्ला, तो शब्दशः हाच. शंभर वर्षांनी.

पुढे आबांना मधुमेहासाठी दुसरीकडे न्यायचो. तिथला तरुण डॉक्टर, मानसोपचाराचा नव्हे, साधा फिजिशियन. फाइलवर सुभेदार वाचून त्याने सहज विचारलं, कुठली पलटण, सेक्शनमध्ये कोण कोण होतं? आणि आबांनी नावं सांगायला सुरुवात केली. गावासकट. हा येवल्याचा, हा उदगीरचा, हा बुलढाण्याकडचा. मध्येच थांबले आणि म्हणाले, यातले हे तिघं एका सुरुंगात. बाहेर रांग लागली होती, पण त्या डॉक्टरने घड्याळ पाहिलं नाही. येताना आबा गाडीत काही बोलले नाहीत. रात्री आईला मात्र त्या तिघांबद्दल सांगितलं. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती आणि तिने ती नावं पहिल्यांदा ऐकली.

घाटवाट यांचं वंशावळीचं वाचलं आणि हेच आठवलं. आबा बरे झालेत असं नाही म्हणत. अजून पाठ भिंतीलाच लागते. पण नातवाला त्या येवलेकराच्या गमती सांगतात.

शब्दवेडी
आनंदीताई, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. आबांना नमस्कार सांगा.

डॉ_सुमेध
आनंदीताई, त्या फिजिशियनला माझा सलाम पोचवा. तुम्ही वर्णन केलेलं बहुतेक सगळं आज ज्याला पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक विकार) म्हणतात त्यात बसतं. हे निदान अधिकृत यादीत आलं १९८० साली, व्हिएतनामहून परतलेल्यांच्या रेट्यामुळे. आज झोपेवर, दचकण्यावर, आठवणींवर चांगले उपचार आहेत आणि वय झालं म्हणून उशीर होत नाही. मात्र घरच्यांनी 'बोला, बोला' असा आग्रह धरू नये. ते सांगतील तेवढं ऐकायचं. माजी सैनिक म्हणून ईसीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेतून मनोविकारतज्ज्ञाकडे जाता येतं. आणि रात्री-अपरात्री काही वाटलं तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, फुकट, मराठीतही बोलतात. काळजी घेणाऱ्यांनीही फोन करावा. तुमच्या आईंनीसुद्धा.

कर्नलकाका
निवृत्त पायदळ अधिकारी आहे. आनंदी बेटा, तुझ्या आबांना माझा जय हिंद.

आता मूळ धाग्यावर. मृण्मयी, ससूनला रिव्हर्सने परत पाठवलं हे तुझं गृहीतकच मला मान्य नाही. क्रेगलॉकहार्टमध्ये गोल्फ खेळत बसलेला तो अधिकारी रात्री आपल्या पलटणीतल्या पोरांचे चेहरे बघत होता. त्याच्या तेव्हाच्या कवितांत हेच आहे. युद्ध चूक आहे हे मत त्याने सोडलं नाही. माझी माणसं तिथे आणि मी इथे गादीवर, हे त्याला सोसेना. हे ज्याने जवान हाताखाली घेतलेत त्याला समजावून सांगावं लागत नाही. २६ नोव्हेंबरच्या बोर्डापुढे तो गेला तो परदेशी आघाडीच मिळावी या अटीवर. पुढे पॅलेस्टाइन, मग फ्रान्स, आणि १३ जुलै १९१८ ला आपल्याच सार्जंटची गोळी चुकून डोक्याला चाटून गेली. वाचला, १९६७ पर्यंत जगला.

तुझ्या प्रश्नातला एक भाग मात्र खरा आहे आणि तो आजही आहे. लष्करी डॉक्टरपुढे जवान तोंड उघडत नाही. आपल्याकडे वैद्यकीय श्रेणी 'शेप' या पाच अक्षरांवर ठरते, त्यातलं पहिलं अक्षर मानसिक आरोग्याचं. ते एक घसरलं की बढतीवर, नेमणुकीवर परिणाम. त्यामुळे गुडघा दुखतो म्हणून सांगतात, झोप लागत नाही म्हणून सांगत नाहीत. मी कंपनी कमांडर असताना कोण ढासळतंय हे मला लंगरच्या रांगेत कळायचं, एमआय रूमच्या (पलटणीच्या दवाखान्याच्या) रजिस्टरात कधीच नाही. जेवण पानात टाकणारा जवान मी वेगळा बसवून घ्यायचो. डॉक्टर पलटणीचा आहे असं जवानाला वाटतं, आणि ते वाटणं चूक आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

शब्दवेडी
कर्नलकाका, ससून वाचला, पण विल्फ्रेड ओवेन? तोही तिथलाच रुग्ण, ससूनमुळे त्याची कविता फुलली. त्याचा डॉक्टर वेगळा, आर्थर ब्रॉक, जो रुग्णांना कामाला लावून बरं करायचा. तोही बरा झाला, परत गेला, आणि ४ नोव्हेंबर १९१८ ला कालवा ओलांडताना मारला गेला. युद्ध संपायला एक आठवडा होता. तार घरी पोचली ११ नोव्हेंबरला, शांततेच्या घंटा वाजत असताना. शेवटच्या निरोपाच्या वेळी त्याने आईला 'गीतांजली'तल्या ओळी म्हणून दाखवल्या होत्या. १९२० मध्ये त्या माउलीने हे पत्राने रवींद्रनाथांना कळवलं. पंचवीस वर्षांचा मुलगा हो. हे उपचार यशस्वी म्हणायचे का?

सुषमा_वि
+१

मृण्मयी_के
आनंदीताईंचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहावंसं वाटलं नाही.

कर्नलकाका, पोरांच्या ओढीने तो गेला हे मान्य. पण ती ओढ रिव्हर्सला दिसत होती आणि त्याने तिच्यावरच बोट ठेवलं. स्वतःचं मत नोंदवून बाजूला व्हायचं, 'हा माणूस आजारी नाही' असं लिहून द्यायचं, एवढं त्याच्या हातात नव्हतं का?

डॉ_सुमेध
लिहून दिलं होतं. ससूनच्या केस पेपरवर रिव्हर्सची नोंद उपलब्ध आहे: प्रकृती उत्तम, मज्जासंस्थेच्या विकाराची चिन्हं नाहीत, आपल्या वागण्याची कारणं तो समजून-उमजून सांगतो, उद्वेग किंवा खिन्नता नाही.

आणि तुमचा मूळ प्रश्न रिव्हर्सने स्वतःला विचारला होता. त्याच्या मृत्यूनंतर, १९२३ मध्ये, स्वप्नांवरचं त्याचं पुस्तक आलं. त्यात 'रुग्ण ब' म्हणून येणारा हा ससूनच. या रुग्णाशी बोलता बोलता मलाच त्याचं म्हणणं पटलं तर काय, अशी धास्ती असलेलं स्वतःचं स्वप्न त्याने तिथे उलगडलंय. अंगावर गणवेश असेपर्यंत मी या विषयावर मोकळेपणाने बोलू शकत नव्हतो, माझ्या हुद्द्याचा माझ्या मतांवर परिणाम होण्याचा धोका होता, असं स्पष्ट लिहिलंय. शेवटी तो मजूर पक्षातर्फे निवडणुकीला उभा राहिला होता. जून १९२२ मध्ये अचानक वारला, निवडणूक राहिलीच.

मृण्मयी_के
हे मला माहीत नव्हतं, आणि याने त्याच्याबद्दलचा आदर वाढला. पण डॉक्टर, मग माझा मुद्दा आणखी पक्का होत नाही का? आपण मोकळे नाही हे ज्याला कळलं, त्याने ती केस दुसऱ्याकडे द्यायची. आजच्या नियमांत तेच बसतं ना?

कर्नलकाका
दुसऱ्या कुणाकडे? यीलँडकडे? १९१७ मध्ये गणवेश नसलेला डॉक्टर त्याला मिळणारच नव्हता. केस सोडली असती तर ससूनपुढे तुरुंग किंवा वेड्यांचं इस्पितळ होतं. रिव्हर्सकडे त्याला निदान आठवड्यातून तीन वेळा खरं बोलायला जागा होती.

मृण्मयी_के
काका, ती जागा होती म्हणूनच तो भुलला, असं मी म्हणतेय. जोशीबुवांचा सिनेमा बघून झाला असेल तर त्यांनी सांगावं, शेवटच्या बोर्डाच्या प्रसंगात तुम्हाला रिव्हर्सच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं का? मला दिसलं नाही.

भटका_जोशी
पाहिला. मलाही नाही दिसलं. पण ससूनच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि त्यामुळे मी कर्नलकाकांच्या बाजूने.